दार उघडलं ते सिनेमात

उमरखेडच्या मराठी शाळेत मला नोकरी लागली तेव्हा वडिलांनी माझ्यासोबत एक कंदील दिला आणि आपली थोरली बहीण दिली. कंदील पुसदच्या स्टँडवरच फुटला. आत्या मात्र टिकली. केळापूरपासून उमरखेडपर्यंत जितक्या गाड्या बदलल्या, त्या प्रत्येक गाडीत तिने शेजारच्या बाईला न विचारता सांगितलं, "माही भाची मास्तरीन झाली. एकटी कशी राहीन म्हून म्या चालली संगं."

साठ-एकसष्टचा सुमार होता. लग्न न झालेल्या पोरीने परगावी खोली घेऊन राहायचं म्हणजे कुणीतरी वडीलधारं सोबत हवंच. आत्या लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही, आयुष्य लोकांच्या शेतात कापूस वेचण्यात गेलेलं. अक्षरओळख शून्य. पण आवाज असा की वावराच्या या टोकाच्या धुऱ्यावरून हाक मारली तर त्या धुऱ्यावरचा बैल मान वर करायचा. पूर्वी ती गावच्या भजनात पुढे बसायची. छप्पन साली आमच्या घराने धम्म स्वीकारला, तेव्हा देव्हाऱ्यातले टाक तिने स्वतःच पदरात बांधून नदीत सोडले आणि भजन त्या दिवशी बंद केलं. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "आता ते नाही." एवढंच. दुःख नाही, राग नाही. विषय संपला.

आम्ही बौद्ध वस्तीच्या कडेला एक खोली घेतली. माझ्याकडे सातवीचा वर्ग होता.

सातवीच्या मराठीच्या पुस्तकात एका जुन्या संतकवीची कविता होती. चार-पाचशे वर्षांपूर्वीचा माणूस, गावकुसाबाहेरचा. देवळाच्या पायरीपाशी उभा राहून देवाशी बोलतो. तू आत, मी बाहेर, हा काय प्रकार आहे, असं विचारतो. शेवटपर्यंत दार उघडत नाही. कविता संपते तेव्हाही तो बाहेरच असतो.

ही कविता शिकवायची वेळ जवळ आली तशी मी ती टाळायच्या सबबी शोधू लागले. वर्गात शेतकऱ्यांची मुलं, दुकानदारांची मुलं आणि वस्तीतलीही मुलं. शिकवणारी बाई कोण, हे सगळ्यांना ठाऊक. आमचे हेडमास्तर भले गृहस्थ, पण बोलण्याला लगाम नसलेले. ते म्हणाले, "बाई, ही कविता तुम्हीच शिकवायला हवी. तुमच्या तोंडून ती शोभेल." मी "हो सर" म्हटलं आणि कविता पुढच्या आठवड्यावर ढकलली.

तेवढ्यात गावात टुरिंग टॉकीज आली.

बाजाराच्या मैदानात तंबू उभा राहिला, इंजिन धडधडू लागलं. दोन्ही बाजूंनी रंगीत फळ्या बांधलेली बैलगाडी गल्लीगल्लीतून फिरली. गाडीत बसलेला माणूस भोंग्यातून ओरडत होता, "महान भक्तीचा महान चित्रपट! देव स्वतः दार उघडतो! सोबत विनोदाची मेजवानी!" सिनेमा त्याच संतावर होता, पुस्तकातल्या.

हेडमास्तरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सिनेमा हा त्यांचा जीव की प्राण. ते त्याच दिवशी तंबूवाल्याकडे गेले आणि मुलांसाठी तिकीट अर्ध्या दरात ठरवून आले. मग आम्हा शिक्षकांना बोलावून म्हणाले, "खडू-फळ्याने जे वर्षभरात होत नाही ते पडदा एका खेळात करतो. संतवाङ्मय पोरांना डोळ्यांनी दिसेल! बाई, सातवी घेऊन जा. नंतर निबंध लिहून घ्या. विषय : या चित्रपटापासून मला मिळालेला बोध."

घरी येऊन मी हे सांगितलं तशी आत्या चुलीपुढून उठलीच. "म्या बी येतो."

"तू? देवाधर्माचा सिनेमा आहे."

"मले माहीत हाय. भोंगा आयकला म्या."

बातमी वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी चार लोक आमच्या ओट्याशी जमले. त्यांत वस्तीच्या बौद्ध मंडळाचा तरुण चिटणीस होता. जिनिंगमध्ये कारकून, पांढरी टोपी, फार मनापासून काम करणारा मुलगा. तो गंभीरपणे म्हणाला, "आजी, आपण प्रतिज्ञा घेतल्या आहेत."

"म्या बी घेतल्या. तुह्या आंधी उभी होती म्या रांगेत," आत्या म्हणाली. "पूजा करनार नाही म्हनलं होतं. सिनेमा पाहनार नाही, असं कोठी म्हनलं?"

"पण पडद्यावर देव येईल."

"मंग येऊ दे. तो मले पाहाले थोडाच येऊन राह्यला?"

लोक हसले. चिटणीसही हसला, पण हरला नाही. त्याने अट घातली : नारळ फोडायचा नाही, पडद्यावर पैसे टाकायचे नाहीत, हात जोडायचे नाहीत. आत्याने तिन्ही गोष्टी कबूल केल्या आणि वर विचारलं, "रडलं त चालते का?" त्यावर चिटणीसाने थोडा विचार केला आणि रडायला परवानगी दिली.

दिवेलागणीला आम्ही तंबूत शिरलो. मध्ये कनात, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, खाली वाळू. मुलं पुढे, मी त्यांच्या मागे आणि माझ्या शेजारी आत्या. आमच्यापुढे माझ्याच वर्गातली एक मुलगी तिच्या आईला चिकटून बसली होती. तिच्या वडिलांची कापसाची मोठी शेती होती. आईच्या मांडीवर ताट होतं, त्यात हळद, कुंकू आणि नारळ. अशी ताटं तंबूभर होती.

सिनेमा सुरू झाला. संत गोरापान, धारदार नाकाचा होता. उन्हात राबणारा हा माणूस इतका उजळ कसा राहिला, असा प्रश्न मला पडला, पण मी तो मनातच ठेवला. त्याची बायको मात्र झकास होती. नवरा देवळाकडे निघाला की ती कमरेवर हात ठेवून विचारायची, तू तिकडे उभा राहशील, मग इथे घरचं दळण कोण दळेल? आत्या खूश होऊन मांडीवर थाप मारायची. एक विनोदी तेली होता, जो दर थोड्या वेळाने घसरून आपल्याच तेलात पडायचा. पुस्तकात त्याचा मागमूस नव्हता, पण पोरं त्याच्यावर जीव टाकत होती. आणि डोळे गरागरा फिरवणारा एक पुजारी होता. तो पडद्यावर आला की पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या वाजायच्या.

मग पायरीचा प्रसंग आला. पुजाऱ्याने संताला ढकललं. तो खाली पडला, त्याच्या हातातलं मडकं फुटलं. आत्याचं हसणं थांबलं. मी तिच्याकडे पाहिलं तर तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"हात दुखतात का?" मी हळूच विचारलं.

"सवयीचे हात हायेत," ती म्हणाली. "आता देव आला अन् उठले म्हंजे?"

शेवटी देव आलाच. ढोल, शंख, धूर. देवळाचं भलंमोठं दार आपोआप उघडलं, वरून फुलं पडली आणि संत दोन्ही हात पसरून आत चालत गेला. सगळा तंबू उभा राहिला. बायकांनी नारळ फोडले, पैशांचा पाऊस पडला. समोरची आई ओवाळत होती. काही क्षणांनी सगळं शांत झालं, नुसतं इंजिन ऐकू येत होतं. आणि त्या शांततेत आत्याचा तो वावरातला आवाज उठला.

"अन् हे दार येवढे दिस कोनं लावून ठेवलं होतं?"

पुढची आई चटकन मागे वळली. "आजी, बोलू नका वो. देव आहे."

"देवाले नाही विचारत, बाई. पुजाऱ्याले विचारून राह्यली. तो कोठी पयाला?"

कनातीच्या पलीकडून कुणीतरी मोठ्याने हसलं आणि मग हसू पसरत गेलं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं होतं. पण खरोखरच, पुजारी कुठे गेला ते सिनेमाने दाखवलंच नव्हतं. दार उघडल्यावर तो नाहीसाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी निबंध आले. ते वाचताना मी हसून हसून बेजार झाले. निम्म्या वर्गाला तेल्यापासून बोध मिळाला होता : तेल सांडू नये. एकाने लिहिलं होतं, पुढे बसू नये, वाळू डोळ्यांत जाते. एका हुशार मुलाने लिहिलं, भक्ती केल्यास रंग उजळ होतो. तो प्रश्न माझा एकटीचा नव्हता तर. मी वह्या बाजूला ठेवल्या आणि कविता काढली. आता टाळण्यात अर्थ नव्हता.

मी कविता मोठ्याने वाचली. अर्थ सांगितला. शेवटच्या ओळीवर आल्यावर तंबूत आमच्यापुढे बसलेली ती मुलगी उभी राहिली. "बाई, इथे तर तो बाहेरच राहतो. मग दार कोणी उघडलं?"

"सिनेमावाल्यानं!" मागून एक पोरगा ओरडला. वर्ग हसला.

मीही हसले. पण मग वाटलं, याला हसून सोडायचं कशाला? मी विचारलं, "का उघडलं असेल त्याने?"

हात वर झाले. एक म्हणाला, नाहीतर लोकांनी पैसे परत मागितले असते. दुसरा म्हणाला, नारळ फुटले नसते, पडद्यापुढचे पैसे मिळाले नसते. त्याच्या घरचं किराणा दुकान होतं, त्याला हिशेब बरोबर दिसत होता. एक मुलगी म्हणाली, "बाई, तो बाहेरच राहिला असता तर सगळ्यांना घरी जाताना वाईट वाटलं असतं."

वस्तीतला एक मुलगा खिडकीशी बसायचा. वर्गात सहसा बोलायचा नाही. तो उभा न राहताच म्हणाला, "मग वाटू द्यायचं होतं."

तंबूतल्या त्या मुलीने लगेच त्याच्याकडे वळून विचारलं, "मग पुजारी?" आणि तो म्हणाला, "तेच तर! आजीनं विचारलं ना काल." मग जी जुंपली, ती मी शाळेत पूर्वी कधी पाहिली नव्हती. कवीने दार का उघडलं नाही? त्याला उघडता आलं नसतं का? कवितेत काहीही करता येतं की! कुणी म्हणालं, तो खोटं लिहिणारा नव्हता. कुणी म्हणालं, त्याला चमत्कार नको होता, त्याला उत्तर पाहिजे होतं. ही मुलं बारा-तेरा वर्षांची होती. मी खडू हातात धरून नुसती उभी होते.

दारात हेडमास्तर उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक. ते आत आले, शेवटच्या बाकावर मुलांमध्ये दाटीवाटीने बसले आणि घंटा होईपर्यंत ऐकत राहिले. बाहेर पडताना म्हणाले, "बाई, तो बोधाचा निबंध राहू द्या. नवीन विषय द्या. दार उघडलं नसतं तर." चार पावलं गेले आणि परत आले. "आणि त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं ना, तुमच्या तोंडून शोभेल. ते मी चुकीचं बोललो." एवढं बोलून ते भराभरा ऑफिसात गेले. दिवसभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी मी आत्याला सगळं सांगितलं आणि पुस्तक काढून कविता वाचून दाखवली. ती तूर निवडत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "परत वाच." मी परत वाचली.

"हे मानूस भांडून राह्यलं देवासंगं," ती म्हणाली. "सिनेमातला त नुसते डोये पुसते."

"तुला कोणता पटला?"

"पटाले कायले पायजे? हा खरा वाटते." मग बोटांनी खडे बाजूला काढत ती सांगू लागली. लहानपणी जत्रेत ती आपल्या आईसोबत देवळाबाहेर थांबायची. आत काय आहे ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिला वाटायचं, आत फार मोठं काही असेल. पुढे भजनं म्हणताना तेच मोठं काहीतरी डोळ्यांपुढे असायचं. "काल सिनेमात दार उघडलं तं म्या पाह्यलं," ती म्हणाली. "आत एक उलीशी मूर्ती अन् दोन समया. येवढ्याचसाठी?" आणि ती अशी हसली की मलाही हसू आवरेना.

आता हिचं सिनेमाशी संपलं असेल, असं मला वाटलं. कसलं काय! दोन दिवसांनी ती म्हणाली, "उद्या पुन्हा जाऊ. वस्तीतल्या बाया येतो म्हनतात."

"पण तुला तर तो खोटा वाटला ना?"

"त्याची बायको खोटी नाही. तिले पाहाले जाऊ."

म्हणून आम्ही पुन्हा गेलो. या वेळी सोबत वस्तीतल्या पुष्कळ बाया होत्या आणि चिटणीसही होता, पुरुषांच्या बाजूला, लक्ष ठेवायला म्हणून. जायच्या आधी आमच्या ओट्यावर मी कविता वाचली होती, त्यामुळे तंबूत बायांची तपासणी सुरू झाली. "हे पुस्तकात हाय का वो, बाई?" "नाही." "अन् हा तेली?" "नाही." "मंग हा कोनाचा कोन?" दार उघडलं तेव्हा तंबू पुन्हा उभा राहिला. आमची रांग बसून राहिली. कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. आत्याचे हात या वेळी मांड्यांखाली नव्हते. ती फुटाणे खात होती. परतताना चिटणीसाचे डोळे लाल होते. तो म्हणाला, वाळू गेली.

त्यातून रविवारचं वाचन सुरू झालं. आमच्या ओट्यावर बाया जमायच्या, कधी दोन-चार पुरुषही यायचे. मी शाळेच्या कपाटातून जुन्या कवींची पुस्तकं आणायची आणि वाचायची. काही कविता लोकांना मुळीच आवडल्या नाहीत. "हा सारखा स्वतःलेच काहून कोसते?" म्हणून एकाला त्यांनी बादच केलं. काहींवर मात्र तासन्‌तास बोलणं व्हायचं. चिटणीसाला सुरुवातीला हे आडवळणाचं वाटत होतं. पण पुढे तोच मंडळाच्या पैशांतून सतरंजी घेऊन आला. खिडकीजवळचा तो मुलगा वाचून दाखवू लागला. माझा घसा बसला की आयती सोय व्हायची. आत्या अध्यक्षस्थानी, म्हणजे चुलीजवळून ओट्यावर आणलेल्या पाटावर. ती शेवटपर्यंत वाचायला शिकली नाही. मी पाटी आणून दिली तर तिने ती शेजारच्या पोराला देऊन टाकली. "मले आयकाले आवडते," ती म्हणाली.

पुढच्या हंगामात तंबू परत आला. या वेळी जुन्या काळातल्या एका संत स्त्रीवरचा सिनेमा होता. मी तिकिटांचं विचारायला वस्तीत गेले तर बाया म्हणाल्या, "आंधी पुस्तकात कसं हाय ते वाचा. मंग पाहू." आता शाळेच्या कपाटात तिच्या कविता नव्हत्या. हेडमास्तरांनी यवतमाळहून पुस्तक मागवलं. ते येईपर्यंत तंबू उठून फुलसावंगीला गेला.

मला वाटलं, सुटले. पण रविवारी वाचन झालं आणि त्या कवितांत ती बाई घरकाम करता करता देवाला असं काही सुनावत होती की ओट्यावर कुणाचाच पाय निघेना. आत्या म्हणाली, "हे त्यानं सिनेमात घेतलं का नाही, ते पाहाच लागते."

आणि एका सुट्टीच्या दिवशी आम्ही फुलसावंगीची एस.टी. पकडली. बायांनी अर्धी गाडी भरली. कुणाच्या हातात भाकरीचं गाठोडं, कुणाच्या कडेवर पोर. कंडक्टरने घंटी वाजवायच्या आधी आमच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"कोनाच्या लग्नाले चालल्या, माय?"

"लग्न नाही," आत्या म्हणाली. "परीक्षा हाय."

"कोनाची?"

"सिनेमावाल्याची."

कंडक्टरने हे ड्रायव्हरला सांगितलं, ड्रायव्हरने पुढच्या सीटवरच्याला, आणि गाडी हसत हसत निघाली. वाटेत मी पुस्तकातलं आणखी थोडं वाचावं असा आग्रह झाला. ज्यांना सिनेमाशी काही देणंघेणं नव्हतं, असे दोन शेतकरीही मागे वळून ऐकू लागले. त्यांचं गाव आलं तेव्हा त्यांतला एक उतरायचा राहूनच गेला.

सिनेमा संपल्यावर तंबूबाहेर उभं राहून बायांनी निकाल लावला. सुनावणं त्याने गाळलं होतं, त्याबद्दल सगळ्यांनी नावं ठेवली. राजवाड्याचा एक प्रसंग कुठून आला ते कुणालाच कळलं नाही. आत्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं, पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "पुस्तकातलं काहीच नाही घेतलं बेट्यानं. पन बाई मोठी गोड रडली."